एकवीसचा डाव : दैव, गणित आणि संयम

पत्त्यांच्या डावांत जिंकणारा आपल्या हुशारीची बढाई मारतो आणि हरणारा दैवाला बोल लावतो. दोघांचाहि हिशेब चुकतो, हें अनुभवी माणसें पूर्वापार सांगत आलीं आहेत. परंतु तो कोठें आणि किती चुकतो हें आकडे मांडून दाखविण्याचें काम एका खेळाच्या बाबतींत विसाव्या शतकांत झालें. तो खेळ म्हणजे ब्लॅकजॅक, अर्थात् एकवीसचा डाव.

हा खेळ जुना आहे. स्पेनचा विख्यात लेखक सर्व्हांटिस याचा कथासंग्रह १६१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एका कथेंत दोन भामटीं पोरें भेटतात. त्यांपैकीं एकजण वाटेवरच्या खाणावळींत एकवीसचा डाव खेळून पोट भरीत आलेला आहे. हवा तेव्हां एक्का काढण्याची हातचलाखी त्याला साधलेली असते. पुढें फ्रान्समध्यें हा खेळ लोकप्रिय झाला. सेंट हेलेना बेटावर बंदिवासांत असतां नेपोलियनहि तो खेळत असे. अमेरिकेंतील नेव्हाडा संस्थानानें १९३१ सालीं जुगाराला कायद्याची मोकळीक दिल्यावर तेथील जुगारगृहांतून त्याचें बस्तान बसलें.

खेळाचे नियम साधे आहेत. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांवर जो आकडा असेल तेवढे गुण. गुलाम, राणी व राजा यांचे प्रत्येकीं दहा. एक्क्याचा एक अथवा अकरा, जो सोयीचा असेल तो. आरंभीं दोन पानें मिळतात. मग खेळणाऱ्यानें हवीं तितकीं पानें मागावीं; मात्र बेरीज एकवीसच्या वर गेली कीं डाव बुडाला. जुगारगृहाच्या वतीनें पानें वाटणाऱ्याला असें स्वातंत्र्य नसतें. बेरीज सोळा किंवा कमी असेल तर त्यानें पान घेतलेंच पाहिजे, आणि सतरा झाले कीं बहुधा थांबलेंच पाहिजे. म्हणजे जुगारगृहाच्या बाजूची शिस्त नियमानेंच बांधून दिलेली आहे. मोकळीक आहे ती खेळणाऱ्याला, आणि पुष्कळदां तीच त्याच्या नाशाचें मूळ होते.

यांत आणखी एक मेख आहे. खेळणारा अगोदर पानें घेतो. त्याचा डाव बुडाला तर त्याचा पैसा तत्काळ जातो. मागाहून वाटणाऱ्याचाहि डाव बुडाला तरी तो परत मिळत नाहीं. जुगारगृहाच्या नफ्याचें रहस्य या क्रमांत आहे. त्याला हातचलाखीची गरज नाहीं आणि दैवाचीहि नाहीं. गिऱ्हाईक बराच वेळ बसून राहिलें म्हणजे पुरे.

हा नफा किती, याचा शोध चार अमेरिकन सैनिकांनीं घेतला. मेरीलंडमधील ॲबर्डीन येथील लष्करी तळावर नोकरींत असतां बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅक्डरमॉट या चौघांनीं साध्या हिशेबयंत्रांवर आकडेमोड करून प्रत्येक प्रसंगीं काय करावें याचें कोष्टक तयार केलें, आणि तें १९५६ सालीं संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यांचा निष्कर्ष असा कीं, वाटणाऱ्याचें उघडें पान चव्वी, पंजी किंवा छक्की असेल तर बारा गुणांवरहि स्वस्थ बसावें, कारण त्याचाच डाव बुडण्याचा संभव मोठा. तेंच पान सत्ती किंवा त्याहून मोठें असेल तर सोळा गुण असतांहि धोका पत्करून पान मागावें. हें कोष्टक तंतोतंत पाळल्यास शंभर डॉलरांमागें तोटा साधारण साठ सेंटांवर येतो, असें त्यांनीं दाखविलें. मनाचा कौल घेऊन खेळणाऱ्याचा तोटा याहून कितीतरी अधिक.

तोटा कमी झाला, तरी तो तोटाच. त्यापुढची पायरी एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञानें गांठली. १९५८ सालच्या नाताळांत तो लास व्हेगासला गेला असतां हें कोष्टक हाताशीं ठेवून थोडे डाव खेळला आणि हरला. परंतु त्याच्या डोक्यांत एक विचार घोळूं लागला. फांशाला स्मरणशक्ति नसते. मागच्या वेळीं सहा पडले म्हणून पुढच्या वेळीं ते कमी-जास्त पडत नाहींत. पत्त्यांचें तसें नाहीं. वांटून झालेलें पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाहीं. म्हणजे गेलेलीं पानें ज्याला आठवतात त्याला उरलेल्या पानांचा अंदाज करतां येतो. दश्श्या, चित्रें व एक्के अधिक उरले असतील तर खेळणाऱ्याचें पारडें जड होतें. कारण सोळापर्यंत पान घेणें भाग असलेला वाटणारा अशा वेळीं अधिक वेळां बुडतो. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या विख्यात संस्थेंतील आय.बी.एम. ७०४ या गणकयंत्रावर थॉर्पनें हें सिद्ध केलें आणि १९६१ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला.

येथवरची कथा बुद्धीची. खरी परीक्षा पुढें होती. दोन धनिक जुगाऱ्यांनीं दहा हजार डॉलरांचें भांडवल पुढें केलें आणि थॉर्प त्यांच्यासह नेव्हाडांत गेला. भांडवल देणाऱ्यांना घाई होती, परंतु त्यानें लहान पण लावूनच आरंभ केला. जी रक्कम गेली असतां मन विचलित होणार नाहीं तेवढीच लावावयाची, आणि तिची संवय झाल्यावरच ती वाढवावयाची, असा त्याचा बाणा होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्या घराघरांतील शिकवण त्यानें नेव्हाडांत पाळली असेंच म्हणावें लागेल. याच शिकवणीला बेल प्रयोगशाळेंतील जॉन केली या शास्त्रज्ञानें १९५६ सालीं सूत्ररूप दिलें होतें : सरशी शेंकडा दोन असेल तर आपल्या भांडवलाचे साधारण शेंकडा दोनच लावावे. सरशी नसेल तर शक्य तितकें थोडें लावावें.

ही सावधगिरी कां हवी? शेंकडा दोन सरशी असतांना डॉलर-डॉलरचे शंभर डाव खेळल्यास सरासरीनें दोन डॉलर मिळावयाचे. परंतु त्याच शंभर डावांत दहा-अकरा डॉलर इकडे किंवा तिकडे होणें ही अगदीं नित्याची गोष्ट. म्हणजे एका संध्याकाळचा निकाल बव्हंशीं दैवाच्याच हातीं असतो. गणिताचा प्रभाव दिसावयाला हजारों डाव लागतात, आणि तोंपर्यंत गांठीं भांडवल व डोक्यांत शांति टिकली पाहिजे.

त्या सफरींत याचा दाखला मिळाला. चांगली रक्कम जिंकल्यावर भांडवलदारांपैकीं एकजण हट्टास पेटला. सोबती उठण्याची विनवणी करीत असतां तो खेळतच राहिला, आणि हातीं आलेल्या पैशांपैकीं बराचसा परत घालवून बसला. दैव देतें आणि कर्म नेतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी झाली. तरीहि अखेरीस दहा हजारांचे सुमारें एकवीस हजार झाले.

१९६२ सालीं थॉर्पचें पुस्तक निघालें व तें हातोहात खपलें. जुगारगृहें घाबरलीं. १९६४ सालीं लास व्हेगासच्या मालकांनीं नियम कडक केले; परंतु गिऱ्हाइकें पाठ फिरवूं लागल्यामुळें थोड्याच आठवड्यांत ते मागें घेतले. मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं, भीतीचें फारसें कारण नाहीं. पुस्तक विकत घेणारे पुष्कळ, परंतु तासन्‌तास न चुकतां पानें मोजणारे आणि ठरल्या वेळीं उठणारे मूठभर. अर्धवट शिकून आलेल्यांनीं जुगारगृहांची भरच केली. जे खरोखर तरबेज होते त्यांना दाराबाहेर काढण्यांत येई. न्यू जर्सी संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं अशी बंदी तेथील जुगारगृहांना परस्पर घालतां येणार नाहीं असा निवाडा दिला, तेव्हां पानांचे अनेक जोड एकत्र करणें व वरचेवर पिसणें हे उपाय योजण्यांत आले.

महाभारतांतील नलाची कथा सर्वांना ठाऊक आहे. द्यूतांत राज्य गमावल्यावर तो ऋतुपर्ण राजाचा सारथि झाला. बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें राजानें केवळ नजरेनें मोजलीं. नलानें तीं प्रत्यक्ष मोजून पाहिलीं, तों संख्या बरोबर निघाली. तेव्हां त्यानें राजाकडून अक्षविद्या मागून घेतली आणि त्याच वेळीं त्याच्या अंगांतील कलि बाहेर पडला. मोजण्याची विद्या येणें आणि कलि निघून जाणें या दोन्ही गोष्टी कथाकारानें एकत्र सांगितल्या आहेत, हें विसरूं नये. त्यानंतर नल आपल्या भावाशीं पुन्हा खेळला, पण एकच पण लावून. जिंकल्यावर त्यानें हरलेल्या भावाला क्षमा केली, त्याचा वांटा त्याला परत दिला आणि खेळ मिटविला.

ब्लॅकजॅकच्या इतिहासाचें तात्पर्य याहून निराळें नाहीं. दैवाला जिंकतां येत नाहीं; त्याचें माप तेवढें घेतां येतें. तें माप घेतल्यावर आपण किती लावावें आणि केव्हां उठावें हें ज्याला ठरवितां येत नाहीं, त्यानें त्या टेबलापाशीं बसूं नये. आणि ज्याला हें ठरवितां येतें, त्याच्या त्या गुणाला जगांत जुगाराहून चांगलीं कामें पुष्कळ आहेत.