लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन : डीफॉल्ट पर्याय

स्वतंत्रपणे कंपाइल झालेल्या फायलींचे लिंकिंगच्या वेळी एकत्रित ऑप्टिमायझेशन व्हावे म्हणून लिनक्स वितरणाने आपल्या सर्व पॅकेजांना सरसकट लावलेले कंपायलर-पर्याय (पहा : कंपायलर, लिंकर).

जीसीसी कंपायलरमध्ये ही सोय ४.५ या आवृत्तीत (२०१०) आली. ती डीफॉल्ट करण्याचा निर्णय ओपनसुसे टम्बलवीडने २०१९ मध्ये, फेडोराने ३३ व्या आवृत्तीत (२०२०) आणि उबंटूने ६४-बिट संगणकांपुरता २१.०४ मध्ये घेतला.

‘एफएलटीओ’ पर्याय दिल्यास ऑब्जेक्ट फाइलीत यंत्रसंकेताऐवजी कंपायलरचे अंतर्गत मध्यरूप साठवले जाते. जीसीसी ४.९ पासून केवळ मध्यरूपाची ‘स्लिम’ फाइल हे डीफॉल्ट आहे. ‘फॅट’ फाइलीत दोन्ही असतात. मध्यरूपाचा साचा आवृत्तीगणिक बदलत असल्याने स्थिर लायब्ररी वितरित करताना स्लिम प्रकार चालत नाही. म्हणून फेडोरा फॅट फाइली बनवून पॅकेज बांधण्यापूर्वी त्यांतील मध्यरूप काढून टाकते. लिंकिंगचे काम किती प्रक्रियांत विभागायचे हेही ठरवावे लागते. मोठ्या प्रकल्पांत स्मृतीची गरज बरीच वाढते. फाइलीच्या वरच्या पातळीवरील असेंब्लीतून सिम्बॉलना आवृत्ती देणाऱ्या लायब्ररी या पर्यायाने मोडत. जीसीसी १० मध्ये त्यासाठी ‘सिमव्हर’ हा गुणधर्म आला. या पर्यायाशी न जुळणाऱ्या पॅकेजांना सूट देता येते (पहा : पॅकेज व्यवस्थापन).

फाइलींच्या सीमा ओलांडून इनलाइनिंग करणे व न वापरलेली फंक्शने वगळणे या ऑप्टिमायझेशनमुळे शक्य होते. दोन फाइलींतील परस्परविसंगत घोषणाही उघड होतात. सुटी फाइल तपासताना त्या दिसत नाहीत.