देवळामागचे तुळशीबन

आपल्या श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिराचा जीर्णोद्धार समस्त ग्रामस्थांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला, ही परमभाग्याची गोष्ट होय. या शुभप्रसंगी देवळामागच्या तुळशीबनाविषयी दोन शब्द लिहितो.

तुळस ही याच भूमीची. विठ्ठलाला तुळशीचा हार, वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीकाष्ठाची माळ आणि वारीत मायमाउलींच्या डोईवर वृंदावन, ही पिढ्यान् पिढ्यांची चाल. आपल्या तालुक्याचे ठिकाण पैठण. तेथे १५९९ साली संत एकनाथ महाराजांनी देह ठेवला. नाथांची पालखी तेथूनच आषाढीला पंढरीस जाते. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा आंघोळीचे पाणी घालून गावाने हे बन जगविले, असे वडीलधारी सांगत.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, त्या सुमारास मंजिऱ्या फुललेल्या असतात. फूल इवलेसे, परंतु त्यात मकरंद असतो. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या त्यावर येतात. पुढे त्याच माश्या कांद्याच्या गोंड्यांवर जातात. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होते. म्हणून माशी फिरकली नाही तर बी नीट भरत नाही. देवाची तुळस अशी शेतकऱ्याच्याही उपयोगी पडते.

लागवड सोपी आहे. बी फार बारीक असते. ते राखेत मिसळून मृगात वाफ्यावर विस्कटावे, वर मातीचा पातळ थर द्यावा. रोपे वीतभर झाली की दीड-दोन फुटांवर लावावीत. पाणी साचू देऊ नये. मंजिरी खुडली की झाड पानांनी डवरते; परंतु सगळीच खुडली तर माशीला काय उरणार? निम्मी हाराला घ्यावी, निम्मी झाडावर ठेवावी.

आता एक कबुली. देवळामागे फरशी घालण्याचा ठराव झाला, तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. सहीही केली. बन गेले. कचेरीत सातबारे रोज डोळ्यांखालून जातात. देवळामागच्या तुळशीची नोंद त्यात नसते, म्हणून ती गेल्याचीही नाही. ती नोंद येथे करीत आहे.

पूर्वेच्या भिंतीलगत दहा फुटांची पट्टी अजून मोकळी आहे. तेथे फरशी न घालता येत्या मृगात तुळस लावावी, अशी समस्त ग्रामस्थांस हात जोडून विनंती. बी मी घरच्या वृंदावनातून राखून ठेवले आहे. पहिली कुदळही मीच मारीन.