चित्राचें पाऊल

मूल वर्षभरांत चालूं लागतें; कागदावरील माणसास चालतें करणें मात्र त्याहून पुष्कळ कठीण. या विद्येचा महाराष्ट्रांतील आरंभ शोधावयाचा, तर भिवंडीकडील काल्हेरच्या मुलखांतच, खाडीकांठच्या कल्याण शहरीं जावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं तेथें ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ मांडले. कांचेवर हातांनीं रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या झोतानें पडद्यावर उमटत, आणि कांचा त्वरेनें पालटल्या कीं पात्रें हालल्याचा भास होई.

पुढें दादासाहेब फाळके यांनीं कुंडींतील वाटाण्याचीं चित्रें दिवसेंदिवस टिपून अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत त्यांनीं काड्यांनाही खेळविलें. परंतु काडीला गुडघा नसतो, आणि शरीराचा भारही नसतो. माणसाची चाल म्हणजे तोल जाणें व तो सांवरणें. तें दाखविणें हीच खरी परीक्षा होय.

ती देण्याचा प्रसंग १९५६ सालीं मुंबईंत आला. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट-विभागांत शिकविण्यासाठीं डिस्नेच्या चित्रशाळेंत काम केलेले, परंतु जन्मानें हिंदुस्थानांतीलच असलेले क्लेअर वीक्स आले. त्यांच्या हाताखालीं गो. के. गोखले, राम मोहन आदि चित्रकार तयार झाले.

या विद्येचें गणित असें : पडद्यावर सेकंदास २४ चित्रें सरकतात. प्रत्येक चित्र दोनदां टिपलें, तर १२ पुरतात. सेकंदास दोन पावलें टाकणाऱ्या माणसाची एक फेरी तेवढ्यांत पुरी होते, आणि बारावें चित्र पुन्हां पहिल्याशीं जुळतें. टांच टेंकली कीं गुडघा वांकतो व डोकें खालीं येतें. दुसरा पाय पुढें जातांना तें वर चढतें. नवशिका डोकें एकाच रेषेंत ठेवतो, आणि त्याचा माणूस चालण्याऐवजीं तरंगतो. जमीन व पाऊल यांची गति जुळली नाहीं, तर तो घसरतो.

१९५७ च्या ‘द बनियन डिअर’ या जातककथेवरील लघुपटांत तर हरणें चालवावयाचीं होतीं, म्हणजे दोहोंऐवजीं चार पायांचा मेळ! तो साधतांना शिष्यांस उमगलें कीं, हाताआधीं डोळा शिकवावा लागतो. रस्त्यानें जाणारा प्रत्येक माणूस हा धडा फुकट देत असतो. पाहणारा तेवढा पाहिजे.