नादाची वाटणी

वाटणी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घर, विहीर, बांधावरचे आंब्याचे झाड आणि त्यांपायी दोन दोन पिढ्या चाललेला भाऊबंदांचा तंटा उभा राहतो. परंतु नादासारख्या अमूर्त आणि क्षणभंगुर वस्तूचीही वाटणी करावी लागते, आणि तेथेही हिश्शांच्या हिशेबात कसूर झाली तर कज्जा उपस्थित होतो, ही गोष्ट संगणकावर संगीत जुळवणाऱ्या आजच्या तरुणाला अनुभवाने कळते. मध्यभागी ठेवलेला गायकाचा आवाज पॅनचे बटण फिरवून एका अंगाला नेताच तो आपोआप चढतो किंवा उतरतो, मापकावर तांबडा दिवा लागतो, क्वचित आवाज फाटतो, आणि बिचारा तरुण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड आहे अशी समजूत करून घेतो. वस्तुतः हा बिघाड नव्हे. फार जुन्या दाव्याची ती ताजी तारीख आहे.

या दाव्याचा आरंभ पॅरिसमध्ये झाला. 1881 साली तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् प्रदर्शनाच्या वेळी क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर, पुढच्या कडेच्या दिव्यांच्या ओळीत, टेलिफोनचे प्रेषक मांडले, आणि तेथून तारांनी जोडलेल्या प्रदर्शनमंडपातील श्रोत्याच्या एका कानाशी डाव्या बाजूच्या प्रेषकाचा व दुसऱ्या कानाशी उजव्या बाजूच्या प्रेषकाचा आवाज पोहोचवला. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला की श्रोत्याला त्याची चाल न पाहताही उमगे. येथे वाटणी करणारा कोणी पंच नव्हता; गायक ज्या प्रेषकाच्या जवळ, त्याला मोठा हिस्सा, असा निसर्गाचाच न्याय होता.

पुढे लंडनच्या ॲलन ब्लुमलाइन याने या न्यायाला शास्त्राची बैठक दिली. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणी, हा विपरीत प्रकार त्याला खटकला, अशी आख्यायिका आहे. 14 डिसेंबर 1931 रोजी त्याने दाखल केलेल्या आणि पुढे 394325 या क्रमांकाने मंजूर झालेल्या पेटंटात दोन कर्ण्यांमधील आवाजाच्या केवळ कमीअधिकपणातून दिशेचा भास कसा उत्पन्न करावा, आणि तबकडीच्या एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कशा कोराव्या, याची तजवीज होती. 1934 च्या जानेवारीत ॲबी रोडच्या स्टुडिओत त्याने टॉमस बीचमच्या वाद्यवृंदाचे या पद्धतीने ध्वनिमुद्रण केले; परंतु 1942 साली रडारच्या चाचणीसाठी उडालेले विमान कोसळून तो अडतिसाव्या वर्षी मरण पावला, आणि त्याच्या कल्पनेतली तबकडी बाजारात येण्यास त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे लागली.

तथापि, स्थिर नादाला हाताने हलवून हव्या त्या जागी बसवण्याचे यंत्र निर्माण झाले ते अमेरिकेत. 27 एप्रिल 1933 रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तीन स्वतंत्र वाहिन्यांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवले, आणि त्या वृंदाचा प्रमुख लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांपुढे उभा न राहता वॉशिंग्टनला नियंत्रणाच्या बटणांपाशी बसला. हाच स्टोकोव्स्की पुढे वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटासिया’ या चित्रपटातील वाद्यवृंदाचा संचालक झाला. 13 नोव्हेंबर 1940 रोजी न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा एक वाद्य सभागृहाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकताना ऐकू येत होते. आणि ही किमया साधण्यासाठी विल्यम गॅरिटी व जॉन हॉकिन्स या अभियंत्यांनी जे उपकरण सिद्ध केले, त्याचेच नाव ‘पॅनपॉट’. एका कर्ण्याचा आवाज उतरत असताना दुसऱ्याचा नेमक्या प्रमाणात चढावा, म्हणजे नाद सरकेल पण घटणार किंवा वाढणार नाही, हे त्याचे इंगित.

त्या चित्रपटाने आवाज फाटण्याच्या व्याधीवरही उपाय शोधला होता. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर फार मोठा आवाज फाटत असे आणि फार लहान आवाज खरखरीत बुडून जात असे. म्हणून संगीताच्या तिन्ही पट्ट्या भरघोस पातळीवर मुद्रित करून, कोठे किती चढवायचे व कोठे किती उतरवायचे, याचा हुकूम चौथ्या पट्टीवर निराळा नोंदवलेला असे. यंत्रसामग्री इतकी अवजड आणि खर्चिक की ती मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. साठीच्या दशकात स्टीरिओ घरोघर पोहोचू लागला, तेव्हाही वाटणी ओबडधोबडच राहिली; बीटल्सच्या 1963 मधील पहिल्या अल्बमच्या स्टीरिओ आवृत्तीत कंठ एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला आहेत.

आता दाव्याचा गाभा. एखादा नाद मध्यावर ठेवायचा, तर दोन्ही कर्ण्यांना निम्मा निम्मा द्यावा, हे कोणाही पंचाला न्याय्य वाटेल. परंतु शक्ती ही विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दाब निम्मा झाला की शक्ती चतुर्थांशावर येते, आणि दोन चतुर्थांश मिळून अर्धीच मिळकत हाती लागते. म्हणजे मध्यावरचा आवाज 3 डेसिबलांनी खचतो. म्हणून प्रत्येकाला 0.5 ऐवजी 0.707 द्यावे, हा दुसरा पक्ष. पण दोन्ही वाहिन्या एकवटून एकाच कर्ण्यावर ऐकल्या, तर त्याच हिश्शांची सरळ बेरीज 1.414 होते आणि मध्यावरचा आवाज उलट 3 डेसिबलांनी फुगतो. तेथे निम्म्याचाच हिशेब खरा ठरतो. या दोन हिशेबांमधली, मध्यावर प्रत्येक हिस्सा 4.5 डेसिबलांनी उतरवण्याची तडजोड अनेक मिक्सिंग कन्सोलांनी पत्करली. कोणताही एक निवाडा सर्व ठिकाणी लागू पडत नाही, आणि म्हणूनच हा दावा आजतागायत मिटलेला नाही.

संगणकाच्या सॉफ्टवेअरांनी हे सर्व निवाडे ‘पॅन लॉ’ या सदराखाली वारसाहक्काने घेतले. कोणी मध्यभाग उतरवते, कोणी मध्यभाग तसाच ठेवून कडा 3 डेसिबलांनी चढवते, आणि कोणी काहीच करत नाही. त्यामुळे एकात जुळवलेल्या गाण्याचा तोल दुसऱ्यात तेच आकडे भरूनही बिघडतो. शिवाय 32 बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट गणितात आतल्या आत आवाज कितीही चढला तरी सहसा शाबूत राहतो; पण बाहेर पडण्याच्या दारावर, म्हणजे मास्टरवर, 0 डेसिबलांची मर्यादा अटळ असते. 16 बिटांच्या मोजणीत 32767 च्या पुढे आकडाच नसल्यामुळे लहरीचा माथा सपाट छाटला जातो. चुंबकीय फीत अतिरेक हळूहळू सोसत असे; आकड्यांच्या राज्यात सवलत नाही.

तेव्हा आवाज चढला किंवा फाटला, तर प्रथम आपले सॉफ्टवेअर कोणत्या पॅन लॉने चालते, हे पाहावे. मुळात स्टीरिओ असलेल्या ट्रॅकचे बटण पुष्कळदा पॅनचे नसून बॅलन्सचे असते, आणि ते डावीकडे फिरवल्यास उजवीकडचा ऐवज डावीकडे न येता नुसताच नाहीसा होतो, हेही ध्यानात ठेवावे. मिश्रण एकदा मोनोमध्ये ऐकावे. आणि हिस्से पाडण्यापूर्वीच फेडर खाली घेऊन मास्टरवर सहा डेसिबलांची जागा मोकळी सोडावी. वाटणीत कोणाचा वाटा तीन डेसिबलांनी वाढलाच, तर त्याला उभे राहायला अंगण उरले पाहिजे.