गाडीवाट: नकाशातली आणि पायाखालची

बचत गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ते आणि व्याजाच्या हिशोबानंतर आमच्याकडे एक विषय हमखास निघतो, रस्त्याचा. आज त्याच रस्त्याचा इतिहास बघू. पण डांबरी सडकेचा नाही. तिच्या आधीपासून असलेल्या, ट्रक-टेम्पो न फिरणाऱ्या मातीच्या आणि मुरमाच्या वाटांचा. सरकारी कागदात यांना पाणंद किंवा शिवरस्ता म्हणतात. आपण गाडीवाट म्हणतो.

इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली ती तेहतीस फुटांच्या साखळीने. एका साखळीचे सोळा आणे धरायचे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपल्याला अजूनही माहीत आहे. वाटांचं मापही याच साखळीतून आलं. पायवाट चार आण्यांची, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीवाट आठ आण्यांची, म्हणजे साडेसोळा फूट किंवा थोडी जास्त. गावनकाशात तुटक एकेरी रेघ दिसली तर ती पायवाट, तुटक दुहेरी रेघ दिसली तर ती गाडीवाट. आज जिथे जेमतेम एक माणूस चालू शकतो, तिथे नकाशात बैलगाडी जाईल एवढी जागा असू शकते.

आपल्या भागात या वाटा कशा पडल्या? हा भाताचा मुलूख. पावसाळ्यात खाचरं पाण्याने भरलेली, म्हणून कायमची वाट वरकस जमिनीवरून किंवा बांधाच्या कडेने गेली. कापणी झाली की गाड्या मोकळ्या शेतांतून जायच्या. किनाऱ्याकडे खाडीचं पाणी अडवायला घातलेले खारबंधारे हेच रस्ते झाले. मिठागरांकडे, कोळीवाड्यांकडे, केळवे-माहीमच्या पानवेलींच्या वाड्यांकडे माणसं अशाच वाटांनी जात.

तेव्हा पालघर हे मुख्य ठिकाण नव्हतं. जुन्या कागदांत हा माहीम तालुका आहे, आणि महत्त्वाची गावं होती समुद्राकाठची. 1864 मध्ये रेल्वे मुंबईपर्यंत जोडली गेली आणि चित्र पालटलं. रूळ किनाऱ्यापासून आत पडले, म्हणून स्टेशनंही आतल्या बाजूला झाली. मग किनाऱ्यावरून पूर्वेला आणि डोंगरातल्या पाड्यांवरून पश्चिमेला, दोन्हीकडून वाटा स्टेशनकडे वळल्या. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या कोळणी आणि लाकडाच्या मोळ्या आणणाऱ्या आदिवासी बाया याच वाटांनी बाजारात आल्या. 14 ऑगस्ट 1942 ला आसपासच्या गावांतून लोक मोर्चाने पालघरच्या कचेरीकडे निघाले. त्या दिवशी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. हुतात्मा चौकातून जाताना आपण हात जोडतो. ही माणसं गावागावांतून चालत आली, तेव्हा त्यांच्या पायांखाली अशाच वाटा होत्या, हेही आठवावं.

पुढे डांबर आलं. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून 1969 मध्ये वीज सुरू झाली. त्यानंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांचा माल महामार्गावर न्यायला बोईसर-चिल्हार रस्ता लागला. रोजगार आला, घरात पगार आला, हे आम्ही नाकारत नाही. आमच्या कितीतरी गटांतल्या बाया त्याच कारखान्यांत कामाला जातात. पण या रस्त्यावर सायकल आणि ट्रेलर एकाच पट्टीत आले. आणि जुन्या गाडीवाटेकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. कुठे कुंपण सरकलं, कुठे प्लॉट पडले, कुठे भराव टाकून ती बुजली. वापर थांबला की वाट बंद करायला कोणाला भीती वाटत नाही.

यात सगळ्यात जास्त नुकसान मुलींचं होतं. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत गावापासून शाळेपर्यंत बस नसेल, तर पाच किलोमीटरच्या आतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. बिहारमध्ये 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये दिले गेले. त्या योजनेचा पुढे अभ्यास झाला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फायदा जास्त होता. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो खेड्यातल्या बाया सायकल शिकल्या. अक्षर आणि सायकल तिथे एकत्रच आली.

पण सायकल दिली आणि रस्ता ट्रकचा असला तर काय होतं, ते आपण घरोघरी ऐकतो. "नको गं, गाड्या लई असतात," असं आई म्हणते आणि सायकल पडवीत उभी राहते. आईचं चूक नाही. म्हणूनच आमचं म्हणणं आहे की सायकल ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे तिला चालायला गाड्या नसलेली वाट.

सायकलला फार काही लागत नाही. दाबून बसवलेला मुरूम, पाणी जायला मोऱ्या आणि चार-पाच फूट घट्ट पट्टी पुरते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही बंद पडलेली रेल्वेलाइन लोकांनी 1979 ते 1986 या काळात चालण्या-सायकलीची वाट म्हणून तयार केली. त्यातूनच पुढे देशभर अशा वाटांचं जाळं उभं राहिलं. आता जगभर शहरातले लोक मुद्दाम खडी-मुरमाच्या, मोटारी नसलेल्या रस्त्यांवर सायकल चालवायला जातात. त्यांच्यासाठी ती हौस आहे. आपल्याकडे शाळेला, बाजाराला आणि कामाला जायची ती गरज आहे, आणि आपल्याकडे या वाटा नव्याने बांधायच्या नाहीत, नकाशात आहेतच.

एक अडचण मोकळेपणाने बोलली पाहिजे. वाट मोकळी करायची म्हटली की कोणाच्या तरी शेताची कड जाते. कधी ती आपल्याच गटातल्या बाईची असते. शेतकऱ्याला ट्रॅक्टर न्यायला रुंद, पक्का रस्ता हवा असतो, आणि तोच रस्ता दोन्ही टोकांना सडकेला जोडला की टेम्पोवाल्यांची जवळची वाट होतो. म्हणून आम्ही सांगतो, गावाने आधी बसून ठरवावं. ट्रॅक्टर-बैलगाडी येऊ दे, पण टोकाला खांब किंवा आडवा अडथळा ठेवून मोठ्या गाड्या थांबवाव्यात.

कायदा आपल्या बाजूला आहे. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याने वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मुदत गेली की काम अवघड होतं. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत शेतरस्ते आणि पाणंद रस्ते घेतले जातात. 2025 मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करण्याचाही निर्णय झाला. नोंद झाली की जमीन विकली गेली तरी वाट राहते.

म्हणून येत्या महिन्यात प्रत्येक गटाने तीन कामं करावीत. भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत मागावी आणि तुटक रेघा लाल पेनाने गिरवाव्यात. मग शाळेत जाणाऱ्या मुलींना आणि जाणत्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन ती वाट चालून बघावी, कुठे अडली आहे ते लिहावं. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथे त्या वाटेचा ठराव घ्यावा. ठरावाची प्रत गटाच्या फायलीत ठेवा. कर्जाच्या पावत्या जशा जपतो, तशीच ती जपा.