‘बहिष्कार’ : एका शब्दाचा माग

निवडणूक जवळ आली की पेपरात एक बातमी हमखास येते : अमुक गावाचा मतदानावर बहिष्कार. रस्ता नाही, पाणी नाही म्हणून. शब्द इतका सवयीचा झालाय की वाचताना कुणी थांबत नाही. आपण मात्र थांबायला पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर हा शब्द वळासारखा उमटलेला आहे.

मूळ अर्थ सरळ आहे. बाहेर करणे तो बहिष्कार. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मोठी माणसे चहा प्याली, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. एका कपभर चहासाठी ग्रामण्य, बहिष्कार, प्रायश्चित्त! पण बघा, प्रायश्चित्त घेऊन त्यांना परत आत यायला दार होते. आपल्याला ते दारच नव्हते.

१९०५ साली वंगभंगाचा निर्णय झाला आणि शब्दाने अंगरखा बदलला. ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. ‘केसरी’ने तो उचलून धरला. आता बहिष्कार म्हणजे देशभक्ताचे हत्यार. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाला मागणी वाढली. पण ते कापड जिथे विणले जाई त्या साचेखात्यात आपल्या माणसांना मज्जाव होता. का, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! आपली माणसे सूतकताईच्या खात्यात, जिथे मजुरी कमी. विलायती कापडावरच्या बहिष्काराला मथळा मिळे. साचेखात्यातला बहिष्कार म्हणजे रीत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. त्याच वर्षी माणगावला परिषद भरली ती ‘बहिष्कृत वर्गाची’. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा. मग ३ एप्रिल १९२७ ला, चवदार तळ्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ‘बहिष्कृत भारत’. हे नाव म्हणजे नुसते गाऱ्हाणे नव्हे, असे माझे मत आहे. ‘अस्पृश्य’ म्हटले की दोष आपल्याच अंगात असल्यासारखा वाटतो. ‘बहिष्कृत’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : कुणी केले? शब्दातच आरोपी हजर होतो. (हे जुने अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली एकत्र छापले. घराघरांत असावेत.)

१९२८ च्या फेब्रुवारीत सायमन कमिशन मुंबईत उतरले. काँग्रेसचा बहिष्कार, काळी निशाणे. बहिष्कृत हितकारिणी सभेने मात्र निवेदन दिले, आणि ऑक्टोबरात बाबासाहेबांनी पुण्यात साक्ष दिली. त्यावरून त्यांना खूप बोलले गेले. पण ज्याला हजारो वर्षे बाहेर उभे केले, त्याने आणखी कशावर बहिष्कार घालायचा?

इकडे खेड्यापाड्यांत जुना बहिष्कार चालूच होता. हक्क मागितला की मजुरी बंद, वाण्याचे दुकान बंद, गुरांची वाट बंद. मुंबई सरकारच्या स्टार्ट कमिटीने १९३० च्या अहवालात म्हटले की दलितांना दडपायला याहून परिणामकारक हत्यार नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मागणी केली, की बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरवा. मसुद्याला आधार घेतला ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा.

४ फेब्रुवारी १९५६ ला ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ‘भारत’ तोच, त्याच्या आधीचा शब्द मात्र बदलला. मथळ्यावरून ‘बहिष्कृत’ उतरला, गावकीच्या डोक्यातून उतरला नाही. जातपंचायतींनी आणि गावक्यांनी वाळीत टाकल्याच्या बातम्या पुढेही येत राहिल्या. शेवटी सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ चा, लागू झाला ३ जुलै २०१७ ला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावी कुणावर असा प्रसंग आला तर तक्रार देताना या कायद्याचे नाव आणि साल अर्जात जरूर लिहावे.