पायांची दुर्गंधी व तान्ह्या मुलांच्या पायांची निगा

पायांची दुर्गंधी : तळपाय आणि बोटांच्या बेचक्यांतून येणारा आंबूस, कुबट वास. वैद्यकातील नाव ब्रोमहायड्रोसिस. हा वास घामाचा असतो असे सर्रास मानले जाते. पण पायाच्या ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. त्वचेवर नेहमी वस्ती करून असणारे जीवाणू घामातील आणि मृत त्वचेतील द्रव्ये फोडतात, तेव्हा तो तयार होतो. त्यासाठी ओल आणि वेळ दोन्ही लागतात, आणि बंद बूट ही दोन्ही पुरवतो.

शरीररचना : तळपायावर केस नसतात, तैलग्रंथी नसतात, काखेत असतात तशा ॲपोक्राइन ग्रंथीही नसतात. एक्राइन घर्मग्रंथी मात्र दर चौ. सेंमी.ला काही शेकडा इतक्या दाट असतात. त्या उष्म्याबरोबरच मनावरील ताणालाही प्रतिसाद देतात. परीक्षेला बसलेल्या मुलाचे तळवे थंडीतही ओले होतात ते यामुळे. तळव्याचा शृंगस्तर, म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, जाड असतो. तो भिजत राहिला की पांढरा, मऊ पडतो आणि जीवाणूंना आयते खाद्य मिळते.

रसायन : या विषयावरचे नेमके काम मुख्यतः जपानमधले आहे. शिसेडो या प्रसाधन कंपनीच्या योकोहामा येथील संशोधन केंद्रातील कांडा व सहकाऱ्यांनी 1990 मध्ये पायांना वास येणाऱ्या व न येणाऱ्या व्यक्तींची तुलना प्रसिद्ध केली. वास येणाऱ्यांत लघुशृंखल मेदाम्ले अधिक आढळली. त्यांपैकी आयसोव्हॅलेरिक अम्ल वास येणाऱ्या सर्वांत होते, इतरांत नव्हते. पुढे 2006 मध्ये जपानमधूनच आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने साखळी जुळवली : घामातील ल्यूसीन या अमिनो अम्लाचे विघटन स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्वचेवरचा एरवी निरुपद्रवी जीवाणू करतो आणि त्यातून हे अम्ल बनते. तीव्र वास असणाऱ्यांत बॅसिलस सबटिलिसही सापडला. सिट्रल, सिट्रोनेलाल व जेरॅनिऑल ही सुगंधी द्रव्ये अत्यल्प प्रमाणातही अम्लाची निर्मिती रोखतात असे याच अभ्यासात दिसले. सिट्रल हा गवती चहाच्या तेलाचा प्रमुख घटक आहे. म्हणून गवती चहाच्या काढ्यात पाय बुडवले की तोच गुण येईल, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

पायांवरचे ब्रेव्हिबॅक्टेरियम गटातील जीवाणू मिथेनथायॉल हे गंधकयुक्त संयुग तयार करतात. लिम्बर्गर चीजवर याच गटातला जीवाणू वाढवतात, त्यामुळे त्या चीजचा आणि पायांचा वास सारखा येतो. आफ्रिकेत हिवताप पसरवणारी ॲनॉफेलीस गॅम्बी डासाची मादी या दोन्ही वासांकडे ओढली जाते, असे बार्ट नोल्स या डच कीटकशास्त्रज्ञाने दाखवले. कांडा गटाला 1992 मध्ये आणि नोल्स यांना 2006 मध्ये इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. 2025 मध्ये ते विकाश कुमार व सार्थक मित्तल या भारतीयांना, वास मारणारे बूट आणि बूट ठेवण्याचे कपाट यांवरील कामासाठी देण्यात आले. त्यांचा उपाय कपाटात अतिनील दिवा बसवण्याचा होता. विषय हसण्यावारी नेला गेल्याने रुग्णही डॉक्टरकडे उशिरा येतात.

संबंधित विकार : तळव्यावर, विशेषतः टाच व चवड्यावर, टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडून उग्र वास येत असेल तर तो ‘पिटेड केराटोलायसिस’ हा जीवाणुजन्य विकार असतो. आल्दो कास्तेलानी यांनी 1910 मध्ये सिलोनमधून त्याचे वर्णन केले. कायटोकॉकस सेडेंटेरियस व कोरिनेबॅक्टेरियम हे त्याचे कारक. पहिल्याची विकरे केराटिन विरघळवतात. सैनिक, खेळाडू, गमबूट घालून काम करणारे कामगार यांच्यात तो अधिक दिसतो. हा बुरशीचा रोग नव्हे, तरी त्यावर बुरशीचे मलम चोपडत राहणारे पुष्कळ. क्लिंडामायसिन किंवा एरिथ्रोमायसिनच्या लेपाने तो सहसा काही आठवड्यांत बरा होतो. चिखल्या : भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होतात; ओल, बुरशी व जीवाणू यांचा त्यांतील वाटा वेगवेगळा असतो.

प्रतिबंध : पाय रोज साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या करणे हा पाया. बाहेरून आल्यावर पाय धुण्याची रीत आपल्याकडे आहेच, पण पाय पुसायचे राहतात. मोजे रोज बदलावेत. नायलॉनपेक्षा सुती बरे, मात्र भिजलेला सुती मोजा ओल धरून ठेवतो. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. पावसाळ्यात शाळेचे बूट रात्रीतून वाळत नाहीत. आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबले तर ओल बरीच उतरते. उघड्या चपला, कोल्हापुरी धरून, या तक्रारीपासून बहुधा मुक्त असतात. तुरटी स्तंभक असल्याने तिचे पाणी काहींना उपयोगी पडते. फार घाम येत असल्यास ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री कोरड्या पायांना लावतात. त्यापुढे आयनटोफोरेसिस (पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देणे) व बोट्युलिनम विषाची इंजेक्शने आहेत.

आयुर्वेद : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाय वारंवार स्वच्छ ठेवणे, पादाभ्यंग व पादत्राण यांचा उल्लेख आहे.

तान्ह्या मुलांचे पाय : चालू न लागलेल्या बाळाच्या पायाला मोठ्यांसारखा वास सहसा येत नाही. आलाच तर बोटांत अडकलेला मोज्याचा कापूस, ओघळलेले दूध, तेल व मळ हे कारण असते. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने प्रत्येक बेचकी टिपली की तो जातो. मालीश झाल्यावर बोटांतले तेलही पुसावे. तेल कोणते, यावर घराघरांत मतभेद आहेत. नवजात त्वचेला मोहरीचे तेल मानवत नाही असे काही अभ्यास सांगतात. पावडर उधळू नये, ती श्वासात जाते. पायात बांधलेला काळा दोरा आंघोळीनंतर तासन्‌तास ओला राहतो. त्याखालची आणि वाळ्यांखालची त्वचा रोज पाहावी.

मोजे घालण्यापूर्वी उलटे करून सुटे धागे कापावेत. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आईचे केस गळू लागतात. तेव्हा एखादा केस बाळाच्या बोटाभोवती आवळून रक्तपुरवठा तुटू शकतो. बाळ कशानेच गप्प राहत नसेल तर मोजे काढून पायाची बोटे पाहावीत. बोट लाल, सुजलेले दिसले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. नखे आंघोळीनंतर मऊ असताना सरळ कापावीत.

धोक्याचा वास : नवजात बाळाच्या सर्वांगाला घामट पायांसारखा वास, सोबत उलट्या, दूध न ओढणे व सुस्ती असेल तर आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमिया या दुर्मिळ आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. तानाका व सहकाऱ्यांनी 1966 मध्ये अमेरिकेत त्याचे वर्णन केले. ल्यूसीनच्या चयापचयातील एक विकर नसल्याने, मोठ्यांच्या पायावर जीवाणू बनवतात तेच अम्ल येथे बाळाच्या रक्तात साठते. निदान लवकर झाल्यास नियंत्रित ल्यूसीनचा आहार, ग्लायसीन व कार्निटीन यांनी मुले चांगली वाढू शकतात. अशा बाळाला आंघोळ घालून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पादत्राण : बाळ घराबाहेर चालू लागेपर्यंत गरज नाही.